कोरडे उमासे

या घटनाक्रमातला कुत्रा कुठल्या एका घरातला नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड, डॉबरमन पाळणाऱ्या घरांत आणि रात्री-अपरात्री पशुवैद्यांच्या टेबलावर जे पुन्हा पुन्हा घडतं, ते इथे एका कुत्र्याच्या नावावर, एका रात्रीत मांडलं आहे. त्याला सुलतान म्हणू. ग्रेट डेन, नर, वय सात, वजन साठ किलोच्या थोडं वर. घर तळेगावातलं. बंगला, अंगण, माणसं मायाळू. शेवटचं मुद्दाम सांगतोय, कारण अशी हकिगत वाचताना आपण आधी निष्काळजी मालक शोधतो. इथे तो सापडणार नाही.

सात वर्षं आधी

पिल्लू आणायला गेलेल्या या घरच्या काकांना ब्रीडरने बाप दाखवला, कागद दाखवले, लसीकरणाची वही दाखवली. आई कुठे दिसेना. ‘ती गेली हो मागच्या आठवड्यात. रात्रीत पोट फुगलं. गॅस झाला,’ असं म्हणत त्याने पिल्लू काकांच्या हातात दिलं. आठ आठवड्यांचं पिल्लू हातात आल्यावर पुढचा प्रश्न कोण विचारतो?

तो प्रश्न मात्र विचारायला हवा होता. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स ग्लिकमन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मोठ्या जातींच्या दीड हजारांहून जास्त कुत्र्यांचा पाठपुरावा केला. ज्या कुत्र्याच्या आईला, बापाला, भावंडाला किंवा पिल्लाला हा आजार, म्हणजे पोट फुगून जठराला पीळ पडणं, झालेला होता, त्याला स्वतःला तो होण्याची शक्यता ठळकपणे जास्त निघाली. दुसरी गोष्ट बांध्याची. छाती खोल आणि अरुंद असली की आत जठराला हलायला जागा जास्त मिळते. त्याच विद्यापीठातून २००३ मध्ये आलेल्या अंदाजानुसार ग्रेट डेनला आयुष्यभरात जठराला पीळ पडण्याची शक्यता ३६.७ टक्के, तर रॉटवायलरला ३.९ टक्के. दोन्ही मोठे, दोन्ही वजनदार. फरक छातीच्या ठेवणीत आणि रक्तात. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ अंगाने सडपातळ असले तरी छाती त्यांचीही खोलच असते, हे ते पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

सहा महिने आधी

वयामुळे सुलतानला मान खाली घालून खायला त्रास होत असेल, असं वाटून काकांच्या मुलीने ऑनलाइन एक लोखंडी स्टँड मागवला. भांडं गुडघ्यापेक्षा वर आलं. सुलतान खूश, घर खूश. विकणाऱ्याच्या वर्णनात लिहिलं होतं की उंच भांड्याने पोटात हवा कमी जाते आणि ब्लोट, म्हणजे हाच आजार, टळतो. हा समज जुना आहे आणि बऱ्याच पशुवैद्यांचाही होता. पर्ड्यूच्या २००० सालच्या निष्कर्षात नेमकं उलट दिसलं: उंच भांड्यातून खाणाऱ्या कुत्र्यांत जोखीम साधारण दुप्पट. नंतरच्या सगळ्या अभ्यासांनी याला दुजोरा दिलेला नाही, वाद चालू आहे. पण उंच भांड्याने हा आजार टळतो, असा भरवशाचा पुरावा कुठेच नाही. मानेचा किंवा मणक्याचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. एरवी भांडं जमिनीवर ठेवायला खर्च शून्य.

त्या दिवशी, सकाळी ७

एक मारी बिस्किट, थोडं दूध. सुलतानचं जेवण रात्री, एकदाच. काकांनी ही सवय त्यांच्या वडिलांकडून घेतलेली. गावाकडे राखणीच्या कुत्र्याला रात्री एकदा भाकरी टाकायची, दिवसभर उपाशी ठेवला की रात्री जागा राहतो, अशी समजूत. पंधरा-वीस किलोच्या गावठी कुत्र्याचं त्यावर निभावून जात असे. तो दिवसभर उकिरड्यावर, शेतात काही ना काही टिपत असतो. मालकाला वाटतं, एकदाच जेवतो. साठ किलोच्या ग्रेट डेनला दिवसाचं सगळं अन्न एका बैठकीत दिलं, तर जठर रोज ताणलं जातं. त्याला जागेवर धरून ठेवणारे स्नायुबंध वर्षानुवर्षं सैल पडत जातात, असा तज्ज्ञांचा कयास आहे. जेवणागणिक अन्नाचं प्रमाण जास्त आणि जेवण दिवसातून एकदाच, ही जोडी पाहणीत सर्वांत वाईट ठरली.

दुपारी १२ ते संध्याकाळी ७

पुतण्याचं लग्न. अंगणात मांडव, फाटकाशी बँड, घरात पन्नास अनोळखी माणसं. सुलतानला मागच्या खोलीत कोंडलं. तो भुंकला, दार ओरबाडलं, धापा टाकत राहिला, मग गप्प झाला. मुळात तो बुजरा, फटाक्यांना पलंगाखाली शिरणारा. एवढं धूड पलंगाखाली मावत नाही, हे त्याला कधी पटलं नाही.

बुजऱ्या, धास्तावलेल्या कुत्र्यांत हा आजार जास्त दिसतो आणि आनंदी स्वभावाच्या कुत्र्यांत कमी, हेही पर्ड्यूच्याच पाहणीतलं. प्रवास, कुत्र्यांच्या वसतिगृहातला मुक्काम, घरातला गोंधळ यांच्या मागोमाग पीळ पडल्याच्या केसेस येतात. ‘मार्ले अँड मी’ हे पुस्तक वाचलेल्यांना आठवत असेल. जॉन ग्रोगन यांच्या त्या लॅब्राडोरला पहिल्यांदा जठराचा पीळ पडला, तेव्हा घरचे सुट्टीवर होते आणि मार्ले वसतिगृहात. धापा टाकताना कुत्रा हवाही गिळतो, हे वेगळंच.

रात्री ८:४०

मांडव आवरला. काकूंच्या लक्षात आलं, सुलतान दिवसभर कोंडलेला, बिचारा. त्याची भरपाई म्हणून ताट मोठं झालं. नेहमीचा भात आणि चिकन, वर दुपारचा पुलाव, मटणाच्या रश्श्यावर तरंगणारी तर्री, चार चपात्या कुस्करून. दोन मिनिटांत भांडं लख्ख. चावणं नाही, नुसतं गिळणं. मग बादलीत तोंड घालून भरपूर पाणी.

एक गैरसमज इथेच काढू. दोष घरच्या अन्नाचा नाही. कोरड्या खाद्यात घरचं शिजवलेलं अन्न मिसळलेल्या कुत्र्यांत जोखीम उलट कमी आढळली. कांदा, लसूण, मनुका, नळीची शिजवलेली हाडं या गोष्टी वाईट आहेत, पण त्या वेगळ्या कारणांसाठी. कोरडं खाद्य घेणाऱ्यांनी पाकिटामागची यादी वाचावी. पहिल्या चार घटकांत तेल किंवा चरबी असलेलं खाद्य ग्लिकमन यांच्याच गटाला जास्त धोक्याचं वाटलं. चरबीमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, हे त्यामागचं संभाव्य कारण.

दोष होता तो प्रमाणाचा आणि वेगाचा. भरभर खाताना अन्नाबरोबर हवा आत जाते. त्यावरचे उपाय इतके साधे आहेत की सांगताना संकोच वाटतो. दिवसाचं अन्न दोन किंवा तीन वेळांत वाटायचं. भांड्यात गिळता येणार नाही एवढा मोठा, धुतलेला गोटा ठेवायचा, म्हणजे त्याच्या कडेकडेने खावं लागतं. किंवा उंचवटे असलेलं स्लो फीडर भांडं घ्यायचं, नाहीतर सरळ मोठ्या परातीत अन्न पसरायचं. घरात दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत, म्हणजे चढाओढ नाही. बकाबका खाणाऱ्या कुत्र्याचं आपल्याकडे कौतुक होतं. ‘काय जेवतो बघा’ म्हणत पाहुण्यांसमोर व्हिडिओ काढले जातात.

रात्री ९:१५

दिवसभर कोंडलेला म्हणून अंगणात सोडला. भाचरांबरोबर अर्धा तास धावला, लोळला, पाठीवर उलथापालथ केली.

जेवणानंतरच्या धावपळीवर सगळे बोट ठेवतात. पुरावा तितका पक्का नाही. मुळीच न धावलेल्या, अंगणात निवांत पडलेल्या कुत्र्यालाही पीळ पडतो. तरी जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर शांतता ठेवा, असंच बहुतेक पशुवैद्य सांगतात, आणि त्यात गमावण्यासारखं काही नाही. फक्त उद्या कोणी ‘पोरांनी पळवला म्हणून झालं’ असं त्या भाचरांना म्हणू नये.

रात्री १०:३०

सुलतान जिन्याखाली बसला. उठला. दिवाणखान्यात गेला, बसला, परत उठला. मागे वळून स्वतःच्या कुशीकडे बघतो. पुढचे पाय लांब करून छाती जमिनीला, पार्श्वभाग वर. मुलगी म्हणाली, ‘नमस्कार करतोय बघ.’ सगळे हसले. तोंडातून लाळेची तार लोंबतेय, पण ग्रेट डेनच्या तोंडातून ती कधी लोंबत नाही?

आत या वेळी जठर वायूने फुगतंय. गिळलेली हवा आहे, आतल्या अन्नातून सुटणारा वायूही. ढेकर देता आला तर प्रकरण इथेच मिटतं.

रात्री १०:५० च्या सुमारास

ही नोंद बाहेरून कोणाला दिसत नाही. फुगलेलं जठर स्वतःभोवती फिरतं. उजवीकडे असलेलं त्याचं खालचं तोंड, जिथून अन्न आतड्यात जातं, ते पोटाच्या तळाकडून डावीकडे सरकतं आणि वर चढतं. कधी अर्धा फेरा, कधी त्याहून जास्त. चॉकलेटच्या गोळीचा कागद दोन्ही टोकांना पिळावा तसं होतं: वर अन्ननलिकेचं दार बंद, खाली आतड्याचं दार बंद. आता ना ढेकर, ना उलटी, ना पुढे सरकणं. प्लीहा जठराला चिकटून असते, तीही ओढली जाते आणि रक्त साठून दुप्पट-तिप्पट होते.

पुढचं सगळं दाबाचं काम आहे. फुगणारं जठर पोटातल्या महाशिरेवर दाब देतं. मागच्या पायांतून आणि पोटातून हृदयाकडे परतणारं रक्त वाटेत अडतं. हृदयाला रक्तच मिळत नाही, मग ते जोरजोरात धडधडून थोडंच पुढे ढकलतं. छातीचा पडदा वर ढकलला जातो, श्वास उथळ होतो. ताणलेल्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, काही तुटतात. रक्ताविना जठराची भिंत मरायला लागते. पोट फुगलेलं दिसतं म्हणून आपण याला पोटाचा आजार समजतो. कुत्रा मरतो तो शॉकने.

रात्री ११:१०

सुलतान अंगणात जाऊन मान खाली घालतो. पोट आकसतं, घशातून मोठा आवाज येतो, पाठ कमानीसारखी होते. बाहेर काही पडत नाही. पांढरा फेस, चिकट लाळ, बस. तीन मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा तेच.

सगळ्या घटनाक्रमातली ही एक वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याला उमासे येतायत आणि उलटी पडत नाही, एवढं दिसलं की गाडीची किल्ली घ्यायची. पोट फुगलेलं दिसायची वाट बघायची नाही. बरगड्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात सुरुवातीचा फुगवटा लपून राहतो. उलटी पडली असती, भात-रस्सा सगळा बाहेर आला असता, तर घर घाबरलं असतं आणि डॉक्टरला फोन गेला असता. इथे काही पडलंच नाही, म्हणून कोणी घाबरलं नाही.

आजी म्हणाल्या, ओव्याचं पाणी द्या. काकूंनी हिंग कालवून पोटाला लावला. काकांनी अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध चार चमचे पाजलं, अर्धं सांडलं. एका पाहुण्याने खायचा सोडा सुचवला, त्याच्या म्हशीला लागू पडला होता. यातलं प्रत्येक माणूस मदतच करत होतं. पण वरचं दार बंद असलेल्या जठरात ओवा पोचत नाही. सोड्याने तर आणखी वायू तयार होतो. वायू फोडणारं मेडिकलचं औषध पोचलं तरी पीळ सोडवत नाही. घशाखाली न उतरलेलं फुप्फुसात जाऊ शकतं, हा वरचा धोका. आणि या सगळ्यात सव्वा तास गेला.

डॉक्टरांना फोन का नाही केला? केला असता. ‘रात्री साडेअकराला कशाला त्रास द्यायचा, सकाळी बघू,’ असं काका म्हणाले. आपल्याकडे ही भिडस्त सभ्यता माणसांच्या दुखण्यातही जीव घेते.

रात्री १२:२५

सुलतान आडवा झाला. मुलीने पोटावर हात ठेवला तर डावी बाजू ताठ. हिरड्या बघितल्या, गुलाबीच्या जागी फिकट राखी. तिने बाबांना न विचारता फोन लावला. डॉक्टर मॅडमनी दुसऱ्या रिंगला उचलला.

‘उलटी पडली का?’

‘नाही मॅडम, नुसता ओ ओ करतोय. फेस येतोय.’

‘कधीपासून?’

‘अकराच्या सुमारापासून.’

‘हिरडीवर बोट दाबून सोड. रंग परत यायला किती वेळ लागतो?’

‘दोन... तीन... चार सेकंद.’

‘पोटावर टिचकी मार. कसं वाजतं?’

‘पोकळ. ढमढम.’

‘काही पाजू नका. चालवू नका. चादरीवर घेऊन चौघांनी उचला, गाडीत घाला आणि निघा. इकडे रात्री एक्स-रे आणि सर्जन नाही, पुण्यातच जायचं. मी तिकडे फोन करून ठेवते, तुम्ही पोचेपर्यंत टीम तयार असेल.’

निरोगी कुत्र्याच्या हिरडीचा रंग दोन सेकंदांच्या आत परततो. मॅडमनी फोनवर अर्ध्या मिनिटात निदान केलं होतं. पुण्यातल्या रात्री उघड्या असलेल्या, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लावलेला असता, तर हा फोनही वाचला असता. मोठं कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येक घरात तो लावलेला हवा, आणि तो आधी एकदा दिवसा फिरवून खात्री करून घेतलेला हवा.

रात्री १:३५

टेबलावर. पहिल्या पाच मिनिटांत पुढच्या दोन्ही पायांत जाड सुया, सलाइन पूर्ण वेगाने. पुढच्याच पायांत, कारण मागच्या पायांतून दिलेलं हृदयापर्यंत पोचणार नाही. दुसरा डॉक्टर पोटाच्या फुगलेल्या भागावरचे केस कापतो, जागा पुसतो आणि जाड सुई आत घालतो. फुस्स करून वायू सुटतो, खोलीभर आंबट घाण वास. सुलतान डोळे उघडतो, शेपूट एकदा हलवतो. काकांना वाटतं, झालं, वाचला.

इथेच बरेच मालक फसतात. वायू निघाला म्हणजे पीळ सुटला असं नाही. मार्लेची गोष्ट या जागी पुन्हा आठवावी लागते: पहिल्या वेळी तो शस्त्रक्रियेशिवाय बचावला, काही महिन्यांनी पुन्हा तेच झालं आणि त्या वेळी गेला. जठर पोटाच्या भिंतीला शिवून न टाकता नुसतं सोडून दिलं, तर निम्म्याहून जास्त कुत्र्यांत पीळ पुन्हा पडतो.

उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे. काळ्या वायूचे दोन कप्पे, मधे पांढरी घडी. रक्तात लॅक्टेट ८.२. हा आकडा ६ च्या खाली असला की जगण्याची शक्यता बरीच चांगली, वर असला की जठराची भिंत मेली असण्याची भीती. त्याने मरण ठरत नाही, पण सर्जन हा आकडा बघूनच घरच्यांशी काय बोलायचं ते ठरवतात. शस्त्रक्रिया होऊनही दर दहातले एक ते तीन दगावतात, आणि लक्षणं सुरू होऊन सहा तासांपेक्षा जास्त उशीर झालेल्यांत मृत्यू जास्त. काकांनी संमतीपत्रावर सही केली. खर्चाचा आकडा त्यांनी ऐकला, परत विचारला नाही.

पहाटे ३:१०

पोट उघडलं. सगळ्यात आधी दिसला चरबीचा जाळीदार पडदा, जठराच्या वरून ओढलेला. तो वर दिसला की सर्जनला पिळाची दिशा कळते. हात आत घालून जठर फिरवून जागेवर आणलं. प्लीहा फुगलेली, काळपट. मग दहा मिनिटं नुसती वाट बघायची. रक्त परतलं तर भिंत गुलाबी, लालसर होते. जांभळी राहिली तर शंका. राखाडी, हिरवट, काळी आणि बोटाला पातळ लागली, तर तेवढा भाग मेला. थोडा भाग कापून काढता येतो.

सुलतानच्या जठराचा वरचा फुगीर भाग काळा होता आणि तो काळेपणा अन्ननलिकेच्या दारापर्यंत पोचला होता. तिथे कापायला जागा उरत नाही.

पहाटे ३:४५

सर्जन बाहेर आले, मास्क खाली घेतला, खुर्ची ओढून काकांसमोर बसले. भूल उतरवायची नाही, तशाच झोपेत जाऊ द्यायचं, असं ठरलं. मुलगी आत जाऊन आली.

सकाळी ९:३०

सुलतानची एक मुलगी कोल्हापुरात आहे, दीड वर्षाची. दूरच्या भाच्याने नेलेली. काकांनी त्याला फोन लावला.

‘तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन कधी आहे म्हणालास?’

‘पुढच्या महिन्यात, मामा. का?’

‘डॉक्टरांना सांग, पोट उघडणारच आहात तर जठर उजव्या बाजूला शिवून टाका. गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. लिहून घे. फुगायचं ते फुगेल, पण फिरणार नाही.’

‘कशाला पण? ती ठणठणीत आहे.’

‘तिची आजी यानेच गेली, बाप आज पहाटे गेला. खायला किती वेळा घालतोस?’

पलीकडे क्षणभर काही नाही.

‘एकदाच. रात्री. तुम्हीच सांगितलं होतं ना.’

‘आजपासून तीनदा. थोडं थोडं. आणि भांडं स्टँडवर असेल तर खाली ठेव. त्या डॉक्टरांचा नंबर पाठव मला, मी बोलतो त्यांच्याशी.’